सिस्टर, आधी विचारा

मी मिरजेत एका खासगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. इंग्लंडला जायचं ठरवलंय. तिथे काम करायचं तर नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी इंग्रजी येत असल्याचा पुरावा. पूर्वी सगळ्या जणी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षाच द्यायच्या. 2017 पासून ही कौन्सिल ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षासुद्धा ग्राह्य धरते. आमच्या वॉर्डमधली केरळची सिस्टर म्हणाली, ‘ओईटी दे गं, त्यात सगळं दवाखान्यातलंच असतं.’ छंद, प्रवास, शहरं असल्या विषयांवर बोलण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी ओईटी निवडली. स्पीकिंगची तर काळजीच नव्हती. दिवसभर रुग्णांशीच तर बोलते मी, तेच आता इंग्रजीत बोलायचं, असा माझा समज होता.

स्पीकिंग साधारण 20 मिनिटांचं असतं. आधी थोड्या ओळखीच्या गप्पा, त्यांना गुण नाहीत. मग दोन रोल-प्ले. हातात एक कार्ड देतात. त्यावर जागा, रुग्ण आणि आपण काय काय करायचं ते लिहिलेलं असतं. तयारीला 3 मिनिटं, बोलायला सुमारे 5. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होऊन बोलते, पण गुण तिच्या हातात नसतात. रेकॉर्डिंग ऐकून दुसरेच परीक्षक ते देतात. 500 पैकी 350 म्हणजे बी ग्रेड, आणि स्पीकिंगला कौन्सिल तेवढे मागते.

गुण कशाकशाला आहेत ते वाचलं आणि मी चक्रावले. बोललेलं कळतंय का, ओघ आहे का, रुग्णाला समजेल अशा साध्या शब्दांत सांगितलं का, व्याकरण कसं आहे, हे चार मुद्दे अपेक्षितच होते. पण 2018 पासून त्यांत आणखी पाच आहेत. रुग्णाशी नातं जोडलं का? त्याच्या मनात काय आहे ते समजून घेतलं का? बोलण्याला काही क्रम होता का? माहिती कशी काढून घेतली? आणि माहिती कशी दिली? भाषेच्या परीक्षेत हे कशाला, हे मला कित्येक दिवस उमगेना.

सरावाचं एक कार्ड होतं. मधुमेहाचा रुग्ण, डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलंय, तो घ्यायला तयार नाही. इन्सुलिन कसं घ्यायचं हे मी रोज शिकवते. सुईची जागा बदला, जेवणाची वेळ पाळा, घाम फुटून थरथर सुटली तर लगेच साखर खा. हे सगळं मला इंग्रजीत सांगता येत होतं. पण समोरच्या व्यक्तीकडे तिचं वेगळं कार्ड असतं, ते आपल्याला दिसत नाही. या कार्डात रुग्णाच्या भावाचं इन्सुलिन सुरू झाल्यावर काही महिन्यांत त्याचा पाय कापावा लागला होता. त्यामुळे इन्सुलिननंच पाय जातो, ही भीती याच्या मनात घट्ट बसलेली. ते विचारल्याशिवाय बाहेर येणारच नाही, आणि ते बाहेर आल्याशिवाय माझी सगळी माहिती वाया. आधी विचारायचं, ऐकायचं, ‘याबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे?’ म्हणायचं, थोडंसं सांगायचं, कळलं का ते पाहायचं, मग पुढचं.

मी हे वॉर्डमध्ये मराठीतच करून पाहिलं. जत भागातले एक आजोबा इन्सुलिनला नको म्हणत होते. एरवी ‘आजोबा, डॉक्टरांनी सांगितलंय, घ्यायलाच पाहिजे’ एवढ्यावर आमचं बोलणं संपतं. त्या दिवशी शेजारी बसून विचारलं, ‘आजोबा, का नको वाटतंय?’ ते म्हणाले, ‘बाई, घरी फ्रीज न्हाई. ठेवू कुठं?’ सुईची भीती नव्हती, हट्ट तर नव्हताच. ओल्या मडक्यात, पाणी आत शिरणार नाही अशा डबीत ठेवायचं, हे त्यांच्या सुनेला समजावलं आणि आजोबा तयार झाले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अर्थात रात्रपाळीला एका सिस्टरच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो. तेव्हा प्रत्येकाशी असं बसायला वेळ कुठून काढायचा, याचं उत्तर परीक्षेच्या पुस्तकात नाही. पण त्या पाच मुद्द्यांना गुण का आहेत, हे मला तेव्हा कळलं.

खरी अडचण सरावाची आहे. वाचन-लेखन एकटीनं होतं, रोल-प्ले एकटीनं होत नाही. मी गेले त्या क्लासमध्ये सगळा भर आयईएलटीएसवर. ओईटीसाठी त्यांनी सहानुभूतीची वाक्यं पाठ करायला दिली. ‘आय अंडरस्टँड युअर कन्सर्न’ हे वाक्य रुग्णानं काही सांगायच्या आधीच तोंडातून निघालं, तर ते ऐकणाऱ्यालाही खोटं वाटतं. माझ्या मते पाठांतरानं इथे नुकसानच होतं.

शेवटी मदतीला आल्या त्या आमच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, सगळे त्यांना बाईच म्हणतात. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘कार्ड दे इकडे.’ बाई मन लावून रुग्ण होतात. चिडतात, गप्प बसतात, मध्येच डोळ्यांत पाणी आणतात, कधी ‘माझ्या मुलीला यातलं काही सांगू नका’ म्हणून अडवतात. अशा वेळी पाठ केलेलं काही उपयोगी पडत नाही. त्यांचं ऐकावं लागतं आणि त्यातूनच पुढचं वाक्य सुचतं. माझं इंग्रजी सुटं झालं ते बाईंच्या ओसरीवर.

पुण्याची तारीख घेतली आहे, सराव चालू आहे. सांगली, सोलापूर, लातूर, बीड, कुठेही तुमच्या ओळखीची एखादी सिस्टर ही परीक्षा देत असेल आणि तुम्हाला बरं इंग्रजी येत असेल, तर आठवड्यातला एक तास तिच्यासाठी रुग्ण व्हा. तिच्या चुका काढू नका, मध्ये थांबवू नका. तिचे प्रश्न ऐका आणि खऱ्या रुग्णासारखी उत्तरं द्या.