तो शब्द माझा होता

उर्दूत बांझ, मराठीत वांझ. दोन्ही भाषा शिकवतो, पण हा शब्द आमच्या मोहल्ल्यात पुरुषासाठी वापरलेला मी कधी ऐकला नाही. पुरुषासाठी आहे तो 'नामर्द', आणि त्याचा अर्थ वेगळाच. मी नामर्द नव्हतो, म्हणून माझ्यात दोष असेल असे मला वाटलेच नाही. बीएड झालेल्या माणसाचा हा हिशेब!

निकाहनंतर सहा वर्षे तपासण्या बायकोच्याच. सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, दुर्बीण. अम्मीच्या आग्रहाने मन्नत आणि ताबीजही. एका डॉक्टरने माझी वीर्यतपासणी सुचवली, ती मी टाळली.

शेवटी केली. शुक्राणू शून्य. पुन्हा केली, पुन्हा शून्य. मग हाताच्या शिरेतून रक्त घेतले. त्यातल्या पेशी वाढवून गुणसूत्रे मोजतात. अहवालात लिहिले होते ४७, एक्सएक्सवाय. पुरुषात एरवी ४६ गुणसूत्रे, त्यात एक एक्स आणि एक वाय. माझ्यात एक एक्स जास्त. याला क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणतात. १९४२ मध्ये हॅरी क्लाइनफेल्टर यांनी लक्षणे नोंदवली, जादा एक्स १९५९ मध्ये सापडला. ५०० ते १००० मुलग्यांमागे एकात हे असते, आणि अनेकांना जन्मभर कळत नाही. ईदला दोस्त माझ्या विरळ दाढीची चेष्टा करत, तिचेही कारण बहुधा हेच.

डॉक्टरांनी सांगितले की काहींच्या वाय गुणसूत्राचा तुकडाच गळालेला असतो. काहींत शुक्राणू बनतात, पण एका जनुकातल्या दोषामुळे ते वाहून नेणारी नळीच नसते. माझे तसे नव्हते. आईच्या किंवा वडिलांच्या बीजपेशी बनताना वाटणी चुकते, एवढेच. हे खानदानातून येत नाही. अंडकोषात शस्त्रक्रियेने शोधले तर काहींना थोडे शुक्राणू मिळतात. मला मिळाले नाहीत.

अहवाल चार महिने कपाटात होता. बायकोला माहीत होते, बाकी कोणाला नाही. एका शादीत खालाने सगळ्यांसमोर तिला 'बांझ' म्हटले. ती माझ्याकडे न बघता ताटे उचलत राहिली.

त्या रात्री मी अम्मीसमोर कागद ठेवला, समजावून सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फिर बहू को इत्ते साल दवाखाने में कायकू फिराया?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी खालाकडे मी एकटाच गेलो.