रविवारची वर्गणी

‘मुरणे’ हे मराठीतील मोठे खानदानी क्रियापद आहे. लोणचे मुरते, पाऊस मातीत मुरतो, माणूस राजकारणात मुरतो, आणि हिशेबात गडबड असली की पाणीसुद्धा कुठेतरी मुरते. आमच्या खोलीत दर रविवारी कोंबडी मुरते.

ही खोली कुरुळीत आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर, मोशी आणि चाकण यांच्या मधले हे गाव. येथे कारखाने आले आणि त्यांच्या पाठोपाठ भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आम्ही चौघे. मी कला शाखेचा, बाकीचे तिघे मराठवाड्यातून कंत्राटी कामावर आलेले. आळंदी जवळच, घरमालकांच्या आई माळकरी. त्यांनी परवानगी दिली ती दोन अटींवर : एकादशीला चूल शाकाहारी, आणि खरकटी भांडी त्यांच्या नळावर न्यायची नाहीत. आम्ही दोन्ही अटी पाळतो.

मटण आमच्या खिशाबाहेरचे. आजीच्या काळी कोंबडीही जावई आला तरच कापली जाई. 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे अशा व्यवसायांमुळे ब्रॉयलर कोंबडी गावोगावी पोहोचली. सहा-सात आठवड्यांत वाढणारी ही कोंबडी शिजते झटपट, पण चवीला गावरानपुढे बापुडी. ती चव आपणच द्यावी लागते.

त्याची रीत सोपी आहे. अर्धा किलो हाडांसकट कोंबडी घ्यावी. तुकड्यांना सुरीने चिरा द्याव्यात, कारण दह्याचा आंबटपणा फार खोल जात नाही. आत जाते ते मीठ. अर्धी वाटी दही, चमचाभर आले-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि थोडे तेल हाताने चोळावे. फ्रीज नसेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. तेवढ्यात दोन कांदे परतून होतात. आणि कांद्याला चाकणच्या बाजारात काय तोटा! मग पातेल्यावर पाण्याचे ताट झाकून मंद आचेवर अंगच्या रसात शिजवावी. शेवटी ताटातले गरम पाणी आणि दोन चमचे येसर घातले की रस्सा दाट होतो आणि अर्धा किलो चौघांना पुरतो.

हा येसर आमच्यातल्या एकाच्या आईने दिलेला. भाजलेली धान्ये, डाळ आणि मसाला एकत्र दळलेला. गेल्या हिवाळ्यात त्याच मित्राला कामावरून ‘ब्रेक’ मिळाला. कंत्राटी कामगाराच्या भाषेत ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे. उद्यापासून येऊ नकोस, एवढाच त्याचा अर्थ. रविवारची वर्गणी तो देऊ शकला नाही. तेव्हापासून तो बरोबर जेवणाच्या वेळी बाहेर पडायचा आणि रात्री येऊन सांगायचा, “मी जेवून आलोय.” कुठे, ते आम्ही विचारत नव्हतो. त्यालाही ते ठाऊक असावे.

तीन रविवार असे गेले. चौथ्या रविवारी तो चप्पल घालत असताना आमच्यातला सर्वांत कमी बोलणारा म्हणाला, “थांब. तुझ्या आईचा येसर आम्ही फुकट किती दिवस खायचा? डबा तरी उचलून ने, नाहीतर मसाला लाव.”

तो काही क्षण दारातच उभा राहिला. मग हात धुऊन आला आणि कोंबडीला दही चोळू लागला. आम्ही उगीचच कांद्याकडे लक्ष दिले.

हिशेबाची वही माझ्याकडे असते. त्या दिवशी तिघांच्या नावांपुढे रुपये लिहिले आणि त्याच्या नावापुढे लिहिले : ‘येसर आणि मुरवणे’. आता त्याला दुसरीकडे काम मिळाले आहे, रुपयेही तो वेळेवर देतो. पण रविवारी पातेल्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.