न दुखणारा पाय

गेल्या आषाढी वारीत नाना माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालत गेले. दिवे घाट चढून आल्याचा अभिमान चेहऱ्यावर होता. "एवढं चाललो, पण पाय मुळीच दुखला नाही!" आम्हीही कौतुक केले. तिसऱ्या दिवशी फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. बुटात शिरलेल्या खड्याने अंगठ्याखाली जखम केली होती आणि नानांना तिचा पत्ताही नव्हता.

आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो. ओवीचे चरण मोजण्यात वीस वर्षे गेली. दर पाडव्याला नानांच्या पायांवर डोके ठेवले; पण त्यांना जुना मधुमेह असूनही त्यांचे तळवे एकदाही पाहिले नव्हते, हे लिहिताना ओशाळायला होते.

डॉक्टरांनी दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवला. डोळे मिटून बसलेले नाना म्हणाले, "हं, आता लावा." तोवर तो चार ठिकाणी लावून झाला होता.

मग रक्तप्रवाहाची तपासणी. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचे, उत्तर ०.९ च्या खाली आले की धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यायची. नानांचे उत्तर १.४ च्या वर. आम्हांला हायसे वाटले, डॉक्टरांना नाही. मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचते, त्या पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा फसवा येतो. अंगठ्याचा दाब मोजला, तो फारच कमी निघाला.

याच सुमारास एका नातलगाने शॉकवेव्ह उपचाराचे पत्रक आणून दिले. चिरफाड नाही, भूल नाही. नाना बिथरले, "वीज लावणार की काय?" वीज नव्हे, ध्वनीच्या जातीचा दाबाचा तरंग. शरीराबाहेरून मूतखडे फोडण्यासाठी तो १९८० साली म्युनिकमध्ये माणसावर प्रथम वापरला गेला. पायासाठी मात्रा सौम्य असते; त्या आघाताने पेशी वाढीला चालना देणारी द्रव्ये सोडतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या नव्याने फुटतात, असे मानले जाते. मधुमेही पायाच्या जखमांवर, नेहमीच्या उपचारांच्या जोडीने वापरायच्या अशा एका यंत्राला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. नानांनी लगेच प्रतिशब्द केला, 'आघाततरंग'. आघात म्हटले की स्वराघात आठवणारी माणसे आम्ही. त्यावर चहाचे दोन कप झाले. असो.

खरे तर आम्हांला तेच हवे होते. शल्यविशारदांनी कागदावर नळाचे चित्र काढले. मोठा नळ तुंबला असताना टोकाला नव्या तोट्या बसवून पाणी कुठून येणार? आधी फुग्याने धमनी उघडू, तरंगांचे नंतर पाहू. आम्ही हिरमुसलो. नाना म्हणाले, "मग आधी नळ उघडा."

अंगठ्याचे टोक गेले, पाय राहिला. पुढे आघाततरंगांच्या सहा बैठकाही झाल्या. जखम फुग्यामुळे भरली, तरंगांमुळे, की तीन महिने त्या पायावर भार न दिल्यामुळे, हे आम्हांला सांगता येणार नाही.

आता रोज रात्री नाना खुर्चीत बसतात आणि आम्ही जमिनीवर. एकाने बॅटरी धरायची, दुसऱ्याने बोटांच्या बेचक्या पाहायच्या. सुरुवातीला ते संकोचाने पाय मागे घेत. परवा स्वतःच म्हणाले, "करंगळीखाली नीट बघा. तिथलं मला काही कळत नाही."