दोन दिनार आणि दिलेला शब्द



पाऊस ओसरला की आपल्या पेडणे-डिचोलीच्या रस्त्यांवर दुचाकींची वर्दळ वाढते. हरमल-मोरजीला पर्यटक येऊ लागतात, मोपा विमानतळाकडे दिवसरात्र ये-जा असते, आणि नोव्हेंबर सरत आला की आपण जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाला निघतो. निघण्यापूर्वी आपण ब्रेक पाहतो, टायरात हवा भरतो, आरशाला रोजरी अडकवतो. विम्याचा कागद मात्र डिकीत तसाच पडून असतो.

मिस्सानंतर हा विषय काढला की कोणीतरी म्हणतेच, "देव राखतो, मग विमा कशाला?" देव राखतो, हे खरेच आहे. पण १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला थर्ड पार्टी विमा आपल्यासाठी नाहीच. आपल्या गाडीमुळे ज्याला इजा होईल, त्या अनोळखी माणसासाठी तो आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण खरा प्रश्न दंडाचा नाही. विमा नसलेल्या गाडीने एखाद्या मजुराचा जीव गेला, तर भरपाई गाडीमालकावर येते. मालकाच्या हाती काहीच नसेल, तर त्या मजुराच्या घरी नुसता निकालाचा कागद पोहोचतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी आठवा. जखमी माणूस त्याच्या ओळखीचा नव्हता, आणि त्याला जखमीही यानेच केले नव्हते. तरी त्याने जखमांवर तेल-द्राक्षारस घातला, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. एवढ्यावर तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, मालकाला दिली, आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन असा शब्द दिला. उद्याच्या खर्चाची तजवीजही त्याने प्रेमाचाच भाग मानली. मग आपल्याच चाकाने कोणी जखमी झाला, तर आपले देणे किती मोठे!

म्हणून या रविवारी घरी गेल्यावर पॉलिसी काढा. १ सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा लागतो. तुमच्या गाडीची ती मुदत संपली का, ते पाहा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा वर्षाचाच असतो, त्याची तारीख वेगळी. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा फक्त मालकाला लागू होतो. गाडी आखातात गेलेल्या थोरल्याच्या नावावर आणि चालवतो धाकटा, असे असेल तर धाकट्यासाठी वेगळी सोय करा. मागे बसणाऱ्याला नुसत्या थर्ड पार्टी विम्यात संरक्षण मिळत नाही, तेही विचारून घ्या. खासगी गाडीवर भाडे मारू नका. पायलटांची पिवळी-काळी गाडी आणि तिचा विमा वेगळा असतो. नेमके काय घ्यावे हे कळत नसेल, तर मिस्सानंतर कागद घेऊन या. आपण मिळून वाचू.

प्रभू येशू, आमच्या मुलांना रस्त्यावर सांभाळ. आमच्यामुळे कोणाच्या घरचा दिवा विझू देऊ नकोस. आणि दुःख ओढवलेच, तर त्या घराकडे पाठ फिरवून निघून जाणारे आम्ही होऊ नये. आमेन.