वेताळ, आयर्न मॅन आणि बाजीप्रभु

केस पिकलेल्या माणसानें चित्रकथा वाचाव्या आणि महावीरांचे चित्रपट हौसेनें पाहावे, हें अद्यापि पुष्कळ घरांत अशोभनीय मानलें जातें. आमच्याहि घरांत तसें मानणारी मंडळी आहेत. माझ्या वयाकडे पाहून तीं गप्प बसतात, एवढेंच. मला मात्र ह्यांत संकोच वाटण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. कीर्तनाचा नेमस्त श्रोता ध्रुवाचें आख्यान पन्नास वेळां ऐकतो आणि बुवा आज कोठें घसरले तें घरीं येऊन सांगतो. माझेंहि तेंच चालतें. फरक इतकाच कीं, माझे बुवा बहुधा अमेरिकेंत असतात.

ह्या विषयांतील माझी मुंज वेताळानें लावली. ‘इंद्रजाल’ चित्रकथा १९६४ सालीं निघूं लागल्या आणि १९९० पर्यंत चालल्या; त्या मराठींतहि येत. त्यांतला वेताळ म्हणजे ली फॉक ह्या अमेरिकन लेखकानें १९३६ मध्यें निर्माण केलेला ‘फँटम’. त्याला वेताळ हें नांव ज्यानें सुचविलें, त्याची समज मोठी खरी. आमच्या मावळांत वेताळ म्हणजे गांवाच्या शिवेवरचा राखणदार, शेंदूर फांसलेला धोंडा. तेव्हां मुखवटा घालून रान राखणारा हा गोरा गृहस्थ आम्हां भोरच्या मुलांना परका वाटलाच नाहीं. शिवाय त्याची गोष्ट आम्हांला समजण्यास फार सोपी. बाप मरतो, मुलगा शपथ घेऊन त्याच वेषांत उभा राहतो, आणि रानांतल्या लोकांना वाटतें कीं हा अमरच आहे. अशा एकवीस पिढ्या ! म्हणजे हें शुद्ध वतन झालें. पंतसचिवांचें संस्थान १९४८ मध्यें विलीन झालें, तरी देशमुखी-कुळकर्णाच्या गोष्टी ऐकतच आमची पिढी वाढली. तिला वंशपरंपरेचा वेताळ निराळा समजावून सांगावा लागला नाहीं. मला त्यांतलें आवडे तें हें कीं, वेताळ अमर दिसतो तो प्रत्येक वेताळ मरतो म्हणून. गुहेंत त्याच्या पूर्वजांच्या समाध्या ओळीनें आहेत, आणि आपली जागा कोणती हें त्याला ठाऊक आहे.

मग पडद्यावर ‘आयर्न मॅन’ आला, २००८ सालीं. तेथपासून २०१९ च्या ‘एंडगेम’पर्यंत मार्व्हल कंपनीनें २२ चित्रपटांची माळ ओंवली. तिच्याकडे पाहून नाकें मुरडणारे विद्वान पुष्कळ आहेत. मीं ते बावीसहि पाहिले आहेत, आणि त्यांतले निदान आठ पुन्हां पाहण्यासारखे आहेत असें माझें मत आहे. शस्त्रें विकून गब्बर झालेला एक उन्मत्त माणूस हळूहळू बदलत जातो आणि शेवटीं देहाची आहुति देऊन जग वांचवितो, ही कथा कोणत्याहि भाषेंत उभी राहील. पुण्याच्या चित्रपटगृहांत त्या क्षणीं पोरांचा गलका एकदम थांबला होता.

परंतु व्यापाऱ्याला शेवट परवडत नाहीं. पुढें अनेक विश्वांची युक्ति निघाली : ह्या विश्वांत जो मेला तो शेजारच्या विश्वांत जिवंत असतो, तेथून त्याला उचलून आणावें. २०१८ च्या चित्रपटांत डोळ्यांदेखत गळा आवळून मारलेला लोकी २०२१ मध्यें स्वतःच्या नांवाची मालिका घेऊन हजर झाला. आयर्न मॅनचें काम करणारे रॉबर्ट डाउनी हे आतां त्याच कंपनीच्या चित्रपटांत डॉक्टर डूम ह्या खलपुरुषाचें काम करणार, असें २०२४ च्या जुलैंत जाहीर झालें, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शिवाय एक चित्रपट कळावा म्हणून आधीं घरच्या पडद्यावरच्या दोन मालिका पाहून ठेवाव्या लागतात. हा अभ्यास आमच्या मुलांना शाळेच्या अभ्यासाहून जड होऊं लागला आहे.

कोणी म्हणेल, आपल्या पुराणांत विश्वें काय कमी आहेत ? कल्प आहेत, मन्वंतरें आहेत, अवतार आहेत. खरें आहे. पण अभिमन्यु पुढच्या पर्वांत लढावयास येत नाहीं. आश्रमवासिकपर्वांत व्यास गंगेच्या कांठीं युद्धांत पडलेल्यांना पुन्हां उभे करतात, तें एका रात्रीपुरतें. रात्र सरतांच ते सारे माघारीं जातात. ते रोज येऊं लागते, तर गांधारीच्या शोकाला किंमत काय उरली असती ?

हालत्या चित्रांच्या खात्यांत मात्र मला समाधान वाटतें. हा प्रकार आपल्याकडे नवा नव्हे. दादासाहेब फाळक्यांनीं आगकाड्या नाचविल्या, आणि ‘प्रभात’नें १९३४ मध्यें ‘जंबूकाका’ काढला. २०२३ मध्यें स्पायडर-मॅनचा ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट आपल्या देशांत दहा भाषांत आला, त्यांत मराठीहि होती. त्यांत पवित्र प्रभाकर नांवाचा हिंदी कोळीमानव आहे. तो २००४ मध्येंच चित्रकथेंत अवतरला होता; पण पडद्यावर ‘चाय टी’ म्हणणाऱ्यावर तो रागावला तेव्हां आमच्या पोरांनीं त्याला घरचा मानलें. अनेक विश्वांचा खेळ ह्याहि चित्रपटांत आहेच. पण येथें त्या खेळाला एक प्रश्न विचारला आहे : जवळचें माणूस गमावल्यावांचून कोणी वीर होत नाहीं, असा नियम असेल, तर ज्याचा बाप उद्यां मरावयाचा आहे त्या मुलानें तो नियम मुकाट्यानें मानावा काय ? प्रश्न इतका चांगला कीं, उत्तर न देतां चित्रपट मध्येंच तोडून पुढच्या भागाचें आमंत्रण दिल्याचा राग मला अजून आहे. २०२५ चा ‘महावतार नरसिंह’ मुलांना फार आवडला. स्तंभ फुटतो तो भाग उत्तम वठला आहे. पण सात चित्रपटांची योजना आधींच जाहीर केलेली पाहून मला पुन्हां त्या माळेची आठवण झाली.

आतां आपल्या घरच्या माळेविषयीं. एकच कथा पुनःपुन्हां काढण्याची संवय आपण अमेरिकेकडून घेतलेली नाहीं. तानाजीचा सिंहगड बाबूराव पेंटरांनीं १९२३ मध्यें मूकपटांत घेतला, ‘प्रभात’नें १९३३ मध्यें बोलपटांत घेतला, २०२० मध्यें तो हिंदी ‘तान्हाजी’ झाला आणि २०२३ मध्यें मराठी ‘सुभेदार’. ह्यांपैकीं हिंदी चित्रपटानें तानाजीला आयर्न मॅनच्या पंक्तीला बसविलें. अवाढव्य तोफ, मगर भाजून खाणारा उदयभानु, आणि कधींच दम न लागणारा सुभेदार ! डोंगर चढतांना ज्याला धाप लागत नाहीं त्याच्या शौर्याचें कौतुक काय करावयाचें, असें भोर-वेल्ह्याकडच्या कोणाहि माणसाला वाटेल. दिग्पाल लांजेकरांनीं शिवचरित्रावर आठ चित्रपटांचा संकल्प केला. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२), आणि मग ‘सुभेदार’. त्यांत उणिवा आहेत. घोषणा फार, आणि संवाद कधीं कधीं व्याख्यानाच्या अंगानें जातात. पण ‘पावनखिंड’ मला मनापासून आवडला. १६६० च्या जुलैंतल्या पावसांत पालखी खांद्यावर घेऊन धांवणारी माणसें त्यांत थकतात. ते बांदल हिरडस मावळचे, म्हणजे आमच्याच खोऱ्यांतले. बाजीप्रभूंचें शिंद गांव भोर तालुक्यांतलेंच.

हा चित्रपट आमच्या थोरल्या बंधूंच्या नातवानें पाहिला तेव्हां तो सहा वर्षांचा होता. बाजीप्रभु पडल्यावर त्यानें शांतपणें विचारलें, “हे पुढच्या भागांत येतील ना ?” नाहीं म्हणून सांगितलें. पुढें ‘सुभेदार’ पाहावयास आम्ही सारे पुण्यास गेलों. बाजीप्रभूंचें काम केलेले अजय पुरकर त्यांत तानाजी होऊन आले. नातू खुर्चीवर उभाच राहिला. “भाऊआजोबा, आले कीं नाहीं ? मीं म्हटलें होतें !” मागचीं पुढचीं माणसें हंसलीं, मीहि हंसलों.

त्यानंतर दोन महिन्यांनीं बंधु वारले. तेराव्याला पानें उठल्यावर तो वहिनींच्या मांडीशीं जाऊन बसला आणि म्हणाला, “आजोबा दुसऱ्या कुणाच्या नांवानें येतील का ?” आमच्या घरांत पुनर्जन्म मानतात, त्यामुळें वहिनींना नाहीं म्हणतां येईना आणि हो म्हणवेना. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, “येतील, पण आपल्याला ओळखूं यावयाचे नाहींत.” तो रडला नाहीं. त्या दिवसापासून त्यानें महावीरांचीं चित्रें भिंतीवरून काढून ठेवलीं. मला त्याचें फार वाईट वाटलें, कारण तीं मींच आणून दिलेलीं होतीं आणि चांगलीं होतीं.

पुढल्या हिवाळ्यांत मी त्याला राजगडावर नेलें. वेल्हें तालुक्याला २०२५ मध्यें राजगडाचें नांव मिळालें आणि त्याच वर्षीं युनेस्कोनें वारशाच्या यादींत घेतलेल्या बारा किल्ल्यांत राजगडहि आला. आम्ही गेलों तेव्हां हें कांहीं नव्हतें, वाट मात्र तीच होती. पाली दरवाज्याच्या वाटेवर तो चार वेळां बसला. खालीं पाल गांवीं सईबाईसाहेबांची समाधि आहे, तेथें थांबलों. त्या १६५९ च्या सप्टेंबरांत गेल्या, तेव्हां संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते, इतकें मीं सांगितलें. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, “त्याला कोणी सांगितलें ?”

ह्याचें उत्तर बखरींत शोधूं नये. मी म्हणालों, बहुधा धाराऊनें सांगितलें असेल. सईबाईंची प्रकृति क्षीण होती म्हणून बाळाला दूध पाजण्यासाठीं आणलेली ती कापूरहोळची बाई. पुण्यास जातांना आपण ज्या गांवावरून जातों, तेंच हें कापूरहोळ. तेव्हां ‘छावा’ कादंबरी त्याला वाचून दाखवावी असें मनांत आलें होतें, पण तिचा शेवट त्याला अजून झेपणार नाहीं. त्यावरचा २०२५ चा हिंदी चित्रपटहि घरांतल्या मोठ्यांनींच पाहिला. त्यांत धाराऊ येते. पण तिचें स्वतंत्र चित्र निघालेलें माझ्या पाहण्यांत नाहीं. उडतां येत नाहीं, तलवार हातांत नाहीं, पुढचा भाग काढण्याची सोय नाहीं. कोण पैसे घालणार?

आतां कापूरहोळ आलें कीं नातू गाडींतल्या इतर मुलांना धाराऊची गोष्ट सांगतो, आणि तींत स्वतःच्या पदरचें बरेंच घालतो. आयर्न मॅनचें चित्र गेल्या दिवाळींत पुन्हां भिंतीवर आलें. शेजारीं त्यानें स्वतः काढलेली एक नऊवारीतली बाई आहे. तिच्या कडेवर मूल आहे, आणि खालीं लिहिलें आहे, भाग पहिला आणि शेवटचा.