वहिनीची फाइल

नाशिकहून आत्याचा फोन आला की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. "काय गं, तुझी वहिनी अजून लोकांची मुलंच सांभाळते का?" त्यातला तो 'च' मला वर्षानुवर्षं टोचतोय. बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं, आज मुहूर्त लागला.

माझी वहिनी पेन्सिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या एका उपनगरात, घरात पाळणाघर चालवते. राज्याच्या नियमाप्रमाणे अशा घरात नात्याबाहेरची जास्तीत जास्त सहा मुलं. माझी लेक त्यातलीच एक होती, २००८ सालापासून. म्हणजे ही बाजू घेणारी मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

वहिनीने लग्नाआधी पुण्यात बालवाडीचा कोर्स केलेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल ती अशी बोलते की जणू शेजारी राहायच्या. बोर्डीला १९४५ मध्ये सुरू झालेलं काम, मग कोसबाड, आणि मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची ही कल्पना. इथे आल्यावर मात्र तो कोर्स कुठल्याच रकान्यात बसेना. "मग मी इथलं सर्टिफिकेट घेते," म्हणाली.

ते सर्टिफिकेट म्हणजे सीडीए, चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट. १९७५ पासून दिलं जातं. (आपल्याकडची अंगणवाडी योजनाही त्याच वर्षीची, २ ऑक्टोबरची. असो.) त्यासाठी १२० तासांचं प्रशिक्षण, एक जाडजूड फाइल, पालकांकडून भरून घ्यायचे फॉर्म, कोणीतरी घरी येऊन काम बघणार आणि शेवटी परीक्षा. कोर्सच्या फीचा मोठा भाग टीच नावाच्या शिष्यवृत्तीतून निघाला. ही योजना १९९० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सुरू झाली आणि मग बऱ्याच राज्यांनी उचलली. तिची गंमत अशी की फीचा थोडा वाटा शिकणाऱ्याने द्यायचा, थोडा मालकाने. वहिनी स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर! तिने दोन्ही वाटे भरले आणि मालकीणबाईंना धन्यवादही दिले. :-)

पैसे मिळाले, पण वेळ कुणी दिला नाही. मोठ्या सेंटरमध्ये एक बाई वर्गाला गेली तर दुसरी मुलांकडे बघते. घरच्या पाळणाघरात दुसरी कोण? वर्ग मंगळवारी रात्री आणि शनिवारी. फाइल दुपारी एक ते अडीच, मुलं झोपलेली असताना. एखादं लवकर उठलं की त्या दिवशीचं लिखाण बंद. २०१४ मध्ये परीक्षा पास झाली तेव्हा दादाने पेढे आणले आणि ती पहिला पेढा हातात धरून सोफ्यावर झोपून गेली.

त्यानंतर तारे. पेन्सिल्व्हेनियात कीस्टोन स्टार्स नावाची पद्धत २००२ पासून आहे, एक ते चार तारे. वरच्या ताऱ्यांसाठी तेव्हा एक निरीक्षक येऊन तासन्‌तास बसायची आणि प्रत्येक बाबीला एक ते सात गुण द्यायची. वहिनीला सगळ्यात कमी गुण कशात मिळाले असतील? हात धुण्यात! आपल्या मराठी घरात!! जेवणाआधी धुवायचे, जेवणानंतर धुवायचे, नाक पुसलं की धुवायचे, आणि तेही नळाखाली नीट साबण लावून. टेबल आधी साबणाच्या पाण्याने आणि मग जंतुनाशकाने, असं दोनदा पुसायचं. ती एकदाच पुसायची. घसरगुंडीखाली नुसतं गवत चालत नाही, मूल पडलं तर लागू नये म्हणून लाकडाच्या तुकड्यांचा जाड थर हवा.

रात्री फोनवर ती रडली. "अठरा मुलं वाढवली गं मी, आणि मला हात धुवायला शिकवतात."

यात तिला खरा हात दिला तो राज्याच्या पैशातून येणाऱ्या एका कोच बाईने. वहीपेन बाजूला ठेवून ती जमिनीवर मुलांमध्ये बसायची. दोघींनी मिळून सिंकसमोर स्टूल ठेवलं, पुस्तकं कपाटातून काढून मुलांच्या हाताला येतील अशी मांडली. लाकडाच्या तुकड्यांना अनुदान मिळालं, पण आधी खर्च करा, पावत्या द्या, मग पैसे. ते चार महिने क्रेडिट कार्डाने काढले.

२०१४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना बालसंगोपनाच्या निधीतला ठरावीक भाग गुणवत्तेवर खर्च करणं बंधनकारक केलं. हळूहळू वाढवत तो ९ टक्के, आणि तान्ह्या-रांगत्या मुलांसाठी आणखी ३. कोचचा पगार, शिष्यवृत्त्या, असली कामं अशाच पैशांतून होतात. मला हे माहीत नव्हतं. मी आपली समजत होते की वहिनीची कोच म्हणजे कुणीतरी समाजसेविका.

पण वाढीव तारा मिळाला की पाळणाघराला जादा पैसे मिळतात ते सरकारी मदत घेणाऱ्या मुलांमागे. वहिनीकडे बहुतेक मुलं आयटीवाल्यांची, त्यांच्यामागे शून्य. फक्त दोन भावंडं तशी होती, त्यांची आई नर्सिंग होममध्ये काम करायची. वहिनीने फी वाढवायचं ठरवलं तेव्हा आमच्याच ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही घरीच तर असता." माझ्यासमोर म्हणाले. मी गप्प बसले, कारण दहा वर्षांपूर्वी फी देताना माझ्याही मनात हेच आलं होतं.

२०२१ मध्ये करोनाच्या मदतीत बालसंगोपनासाठी ३,९०० कोटी डॉलर मंजूर झाले. त्यातला वहिनीपर्यंत आलेला वाटा तिने भाड्याला आणि एका अर्धवेळ मदतनीस मुलीला वापरला. आयुष्यात पहिल्यांदा दुपारी फाइल लिहायला हात मोकळे झाले, आणि त्याच काळात तिने घरच्या पाळणाघरांसाठीचं राष्ट्रीय मानांकन मिळवलं. या मदतीतला पाळणाघरं तगवण्यासाठीचा निधी सप्टेंबर २०२३ अखेर संपला. मदतनीस मुलगी गोदामात कामाला लागली, तिथे तासाला जास्त मिळतात.

मानांकन तीन वर्षांचं असतं. आता पुन्हा ती वेळ आली आहे. गेल्या रविवारी गेले तर जेवणाच्या टेबलावर फाइल उघडी. दादा म्हणाला, "सोड ना, भिंतीवर एक कागद कमी." ती काही बोलली नाही. मी चहा ठेवला आणि विचारलं, टायपिंग मी करू का? शनिवारी सकाळी मला वेळ असतो.

"मराठीत सांगेन हं," म्हणाली, "इंग्रजी तू कर." आणि टेबल पुसायला उठली. दोनदा पुसलं.