हातात मावणारा उजेड

आज मी घरी जोडलेला फोटो-व्हिडिओचा दिवा लागला. तापकीर गल्लीतून आणलेली १२ व्होल्टची एलईडी पट्टी, तुकडे करून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवलेली. मागे सिरीजमध्ये जोडलेले तीन लिथियम सेल. पूर्ण चार्ज झाले की १२.६ व्होल्ट. संरक्षक सर्किटशिवाय हे सेल वापरू नयेतच. पत्राही शोभेचा नाही, एलईडीची उष्णता तोच शोषून घेतो.

माझा जीव मात्र रंगात अडकला होता. स्वस्त पट्टीचा उजेड भरपूर, पण त्यात तांबडा भाग तोकडा, आणि माणसाची कातडी निस्तेज, हिरवट दिसते. म्हणून सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा अंक, ९५च्या वर असलेली पट्टीच घेतली, महाग पडली तरी. ५६०० केल्विन, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या जवळची. खिडकीतल्या उजेडात ती बेमालूम मिसळते.

साधा डिमर टाळला. असा डिमर दिव्याला झपाट्याने चालू-बंद करतो. डोळ्यांना कळत नाही, व्हिडिओत मात्र पट्टे सरकतात. त्याऐवजी व्होल्टेज कमी-जास्त करणारा कन्व्हर्टर बसवला. उजेड मऊ व्हावा म्हणून पुढे ट्रेसिंग पेपर.

संध्याकाळी आईला भाकऱ्या थापताना टिपलं. बोटांच्या सुरकुत्यांत अडकलेलं पीठसुद्धा दिसतंय! उद्या पहाटे हा दिवा घेऊन फुलबाजारात जायचं आहे.